वानराची अंघोळ

आईनं मला ते अळूची पानं निवडता निवडता सांगितलं. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता.

रविवारची सकाळ होती. आदल्या संध्याकाळी मी जोयड्याहून शेवटच्या बसनं घरी आले होते. जोयड्याच्या दवाखान्यात मी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, नळ्यांवर नावं लिहायची. लोकांशी फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम बरं वाटतं. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहते आणि रविवारपुरती आमच्या गावी येते. आमचं गाव गुंदच्या पुढं, उळवीच्या वाटेवर आहे.

"देवळापुढच्या फणसाखाली पडलं हुतं बघ," आई म्हणाली. "ह्ये एवढं मोठं वानर, काळ्या तोंडाचं. पयलं वाटलं झोपलंय. मामा म्हणाले, झोपलं न्हाई, मारुतीपाशी आलंय मरायला. मग काय, असंच टाकायचं व्हय?"

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. आमच्या शेजारीच राहतात, आणि मारुतीच्या देवळातली पूजा त्यांच्याकडे असते.

"मग काय केलंत?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. आमच्याकडे वानर मेलं की त्याला माणसासारखं पोचवतात. लहानपणी मीही बघितलं होतं. बांबूची ताटी, वर फुलं, पुढं टाळ, आणि पुरताना नारळ.

"कढत पाण्यानं अंघोळ घातली," आई म्हणाली. "पुढं यायला कोण तयारच न्हाई. ही म्हणते तू घाल, ती म्हणते तू घाल. मग मीच गेले. अंगावर चिखल हुता, गोचड्या हुत्या बारक्या बारक्या. त्या सगळ्या काढल्या. कुकू लावलं. लई देखणं दिसत हुतं गं."

मी अळूचं एक पान उलटं धरून बसले होते. त्याचा देठ माझ्या बोटांत मोडला.

माकडतापाबद्दल जोयड्यात कुणालाच नवीन सांगावं लागत नाही. जंगलातल्या गोचडीतून तो माकडाला होतो, माणसाला होतो, कधी जीवही घेतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचड्या खाली उतरतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर, ज्यांना मी अक्का म्हणते, मला ह्याच गावात घेऊन आल्या होत्या. अक्का धारवाडकडच्या आहेत. त्या कन्नडमध्ये सांगत होत्या, आणि मला ते मराठीत सांगायचं होतं. मी शाळेपासून वसतिगृहात राहून इंग्रजी माध्यमात शिकले. चार लोकांपुढं उभं राहिले की माझी मराठी पुस्तकातल्यासारखी होते. 'मृत वानरास स्पर्श करू नये,' असं काहीतरी मी म्हणाले होते, आणि बायका पदराआड हसल्या होत्या. आई पहिल्या ओळीत बसली होती. ती हसली नव्हती.

"आये, मी तेव्हा सांगितलं होतं ना?"

"ऐकलं की," आई म्हणाली. "पर त्ये वाटंत मरून पडल्यालं असलं तर. ह्ये देवळाच्या दारात आलं हुतं. दारात आल्याल्याला काय सांगायचं, थांब, माझी लेक न्हाई म्हणते?"

ती हसली आणि अळूची पानं घेऊन आत गेली. तिच्या दंडावर, कोपराच्या जरा वर, एक बारीक लाल ठिपका होता. मी जवळ जाऊन बघितला. ती म्हणाली, पाला गोळा करताना काटा लागला असंल. भाताचा तरवा, म्हणजे रोपांची जागा, भाजायला आणि गोठ्यात पसरायला ह्या दिवसांत सगळ्या बायका रानातला वाळला पाला आणतात, तेव्हा ओरखडा नाही असा हात गावात सापडायचा नाही. दवाखान्यातून वाटलेल्या तेलाची बाटली चुलीवरच्या फळीवर होती. भरलेली. ते लावून रानात गेलं तर गोचडी चढत नाही.

"त्याचा वास आला की म्हस पान्हा सोडत न्हाई," आई आतून म्हणाली. मी बाटलीकडे बघितलेलं तिला दिसलं असावं. "तुझ्या सायबाला सांग, म्हशीला चालंल असं तेल काढ म्हणावं."

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा उळवीच्या जत्रेच्या कामाची वाटणी चालली होती. जत्रेच्या आठवड्यात आमची अर्धी माणसं उळवीला असतात. बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या येतात, लोक रानातच मुक्काम टाकतात, झाडाखाली झोपतात. तेल वाटायचं, तापाची माणसं बघायची, संशय आला की रक्त घ्यायचं. डॉक्टर शेवटी म्हणाले, कुठं मेलेलं माकड दिसलं तर लगेच कळवा, शरीर ताजं असेल तर तपासायला नेता येतं.

मी मागच्या बाकावर बसले होते. हात वर करायचा एवढंच काम होतं. मी सभा संपेपर्यंत थांबले आणि मग अक्कांना गाठलं.

"आमच्या गावात एक वानर मेलंय. गेल्या आठवड्यात. पुरलंय."

"पुरलं?" अक्का म्हणाल्या. "अय्यो! कुणी हात लावला?"

"गावातल्या लोकांनी."

हे काही खोटं नव्हतं. अक्कांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि डॉक्टरांकडे गेल्या. आता आमच्या गावात फवारणीची माणसं येणार, देवळापुढं पावडर टाकणार, घरोघर विचारणार, हे मला ठाऊक होतं. कुणी कळवलं हेही गावाला कळणार होतं. आणि ह्या सगळ्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती, ती मी मनातल्या मनातही पूर्ण वाक्यात म्हणत नव्हते.

मंगळवारी मी उळवीला होते. मंडपाच्या कडेला आमचं टेबल होतं. समोरून माणसं अखंड जात होती, धूळ, घुंगरं, कापूर-उदबत्तीचा वास, कन्नडमधली गाणी आणि मराठीतली भांडणं. एक म्हातारा बाटली हातात घेऊन मला विचारत होता, गुडघ्याला चालंल का? मी नाही म्हटलं. "मग देताय कशाला?" म्हणाला, आणि तरी घेऊन गेला.

उळवीत फोनला रेंज धड नसते. संध्याकाळी अक्कांबरोबर चहाला गेले तेव्हा देवळाच्या पायऱ्यांपाशी फोन एकदम थरथरला. बाबांचे बरेच कॉल येऊन गेले होते. मी लावला.

"फवारणीवाले आल्ते," बाबा म्हणाले. "मामा लई भडकलेत. समाधीवर पावडर टाकली म्हणून."

"आणि आई?"

"आईला जरा कणकण हाय. दुपारपास्नं पडूनच हाय. डोकं धरून बसली हुती. तू काय काळजी करू नको."

बाबा काळजी करू नको म्हणतात तेव्हाच मला काळजी वाटते, कारण एरवी ते फोनवर काहीच म्हणत नाहीत, आईकडे देतात.

अचानक ताप, डोकेदुखी, अंग मोडणं. हीच यादी मी दिवसभर लोकांना म्हणून दाखवत होते. मी चहाचा पेला तसाच ठेवला. अक्कांना काही बोलले नाही. का नाही बोलले हे आजही मला नीट सांगता येत नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वाटत होतं.

बुधवारी दुपारी आमची जीप उळवीहून परत निघाली. वाटेत माझ्या गावात थांबायचं अक्कांनी आधीच ठरवलं होतं, वानराला हात लावलेल्यांना बघायला. रक्ताच्या नळ्या ठेवायची बर्फाची पेटी माझ्या मांडीवर होती.

मामा वाटेतच उभे होते. खांद्यावर पंचा, कपाळावर शेंदूर.

"आल्या का इंग्लिश बाई," ते म्हणाले. "पावडर संपली व्हय? आनखी आना. मारुतीच्या तोंडाला पन लावू."

"मामा, तुम्हाला ताप आहे का?" मी विचारलं.

"मला कशाला येतोय ताप? ताप तुमाला आलाय. सगळ्या गावाला कापरं भरवून सोडलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जा, तुझी आय पडून हाय. बघ आधी तिच्याकडं."

अक्का माझ्याकडे वळल्या. "तुझी आई?"

मी मान हलवली.

"हात लावला त्यांनी?"

"अंघोळ घातली."

अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, "आणि तू सोमवारपासून माझ्याशेजारी बसून बिस्किटं खातेस!" त्या रागावल्या होत्या, पण पेटी माझ्या हातातून काढून घेताना त्यांनी माझी बोटं दाबली.

आई माजघरात घोंगडीवर होती. कपाळाला आलं चोळलं होतं, त्याचा वास खोलीभर पसरला होता. डोळे लाल. शेजारच्या दोन बायका दारात उभ्या होत्या. दवाखान्याची जीप आली की आमच्याकडे दारात बायका असतातच.

अक्कांनी हातमोजे घातले तशी आई म्हणाली, "त्यास्नी नगं. तू काढ."

"आये, अक्का चांगलं काढतात."

"तू काढ म्हनलं न्हवं? शिकलीस कशाला मग?"

मी रोज कितीतरी लोकांचं रक्त काढते. दंडाला पट्टी बांधली, शीर चाचपली. आईचा हात तव्यासारखा तापला होता. हाताच्या आतल्या बाजूची कातडी इतकी मऊ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाहेरून तिचे हात नांगराच्या दांड्यासारखे आहेत. मला शीर सापडेना. दारातल्या बायकांपैकी एक म्हणाली, "अगं, लेकीलाच शीर सापडंना."

"सापडंल," आई डोळे मिटूनच म्हणाली. "तुला काय करायचंय? तुझी लेक आली का सुई घिऊन?"

मग शीर सापडली. नळी भरत गेली, काळपट लाल. नळीवर आईचं नाव मी लिहिलं. आईचं पूर्ण नाव मी ह्याआधी फक्त शाळेच्या कागदांवर लिहिलं होतं.

अक्कांनी आईची तपासणी केली, गोळ्या दिल्या, आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "डॉक्टरांना मी विचारते. रिपोर्ट लांबून यायचा आहे, वेळ लागेल. आज तू इथंच राहा. पाणी भरपूर पाजायचं. उलटी, गुंगी, कुठूनही रक्त दिसलं, हिरड्यांतून, नाकातून, की लगेच फोन. कळलं?"

मला माहीत होतं ते सगळं. तरी मी नव्यानं ऐकल्यासारखी मान हलवत राहिले.

जीप गेली. आमच्या घरातून रेंज मिळत नाही. देवळापुढच्या वळणावर, फणसाखाली, थोडी मिळते. म्हणजे नेमकी जिथं ते वानर पडलं होतं तिथं. पुढचे दिवस मी जत्रेतून आणलेल्या बाटलीतलं तेल पायाला चोळून त्या वळणावर जात राहिले. आजूबाजूला पांढरी पावडर पसरलेली होती. मधोमध मातीचा छोटा उंचवटा, त्यावर सुकलेली जास्वंद, आणि कुणीतरी पावडर झटकून नव्यानं लावलेलं कुंकू. मामा, आणखी कोण. ते देवळाच्या पायरीवर बसून मला बघत असायचे आणि मी फोन वर धरून फिरत असायचे.

"देव तिकडं हाय," एकदा ते म्हणाले, "वर न्हाई."

मी हसले नाही. मला हसू आलं होतं, पण त्यांना ते दाखवायचं नव्हतं.

घरात मी आईच्या हिरड्या बघायचे. सकाळी, दुपारी, आणि तिला जाग आली की. "आ कर," म्हणायचे आणि मोबाईलची बॅटरी लावून उजेड तोंडात धरायचे. पण आई लहानपणापासून तंबाखूची मशेरी लावते. तिचे दात कडेनं काळे आहेत आणि हिरड्या तपकिरी. त्यात रक्त आहे की मशेरी, देवालाही सांगता आलं नसतं. शेवटी मी मशेरीचा डबाच लपवला.

"डबा कुठाय?"

"मिळणार नाही. हिरड्या स्वच्छ दिसायला हव्यात."

"माझ्या हिरड्या आता पंचायतीत मांडणार व्हय गं?"

गुरुवारी दुपारी तिचा ताप जरा उतरला आणि डोकं मात्र जास्तच ठणकायला लागलं. मी घाबरले. ताप मेंदूपर्यंत गेलाय का, मान आखडली आहे का, म्हणून तिची हनुवटी छातीला लावून बघितली. बाबा उंबऱ्यात बसून सगळं बघत होते. ते हळूच म्हणाले, "मशेरी सोडली की तिचं डोकं दुखतंच. एकदा एकादशीला सोडल्ती, तवा घर डोक्यावर घेतल्तं."

आता मला कळेना. डोकं तापानं दुखतंय की मशेरीविना? कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. मी वळणावर जाऊन अक्कांना फोन लावला आणि हे विचारलं. त्या हसल्या, दवाखान्यातल्या गोंगाटातही मला ते ऐकू आलं. "चिमूटभर दे," म्हणाल्या. "आणि अर्ध्या तासानं मला फोन कर."

मी चिमूटभर दिली. आईनं ती अशी घेतली, जणू प्रसाद. डोकेदुखी कमी झाली. मला एवढं हायसं वाटलं की मी परसात जाऊन केळीच्या बुंध्याला टेकून उभी राहिले.

पण संध्याकाळी ताप पुन्हा चढला. मी उशाशी बसले होते. आई झोपेत आहे असं मला वाटलं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "तूच सांगितलंस न्हवं, फवारनीवाल्यास्नी?"

"हो."

"मामा म्हनत हुता, पोरीनं गावाची इज्जत घालवली."

मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

"मी त्येला म्हनलं," आई म्हणाली, "ती बोलत न्हाई कुनाशी. ती बोलली म्हंजी लई भ्याली असंल." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी मी भल्या सकाळपासून फणसाखाली होते. दुपार झाली तरी अक्कांचा फोन नाही. जत्रेहून परतणाऱ्या बैलगाड्या वळणावरून जात होत्या. गाडीवान मला बघून हात हलवत होते. मी मनात आकडे मांडत होते, नळी कधी पोचली असेल, मशीन कधी लावलं असेल. मग ते सोडून दिलं आणि नुसती उभी राहिले. मामा पायरीवर होतेच. त्यांनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, माझ्यापासून जरा लांब दगडावर ठेवलं, आणि परत जाऊन बसले.

फोन आला तेव्हा तो माझ्या हातातच होता तरी मी दचकले.

"निगेटिव्ह," अक्का म्हणाल्या. "माकडताप नाही. ऐकू येतंय का? नाही. साधाच ताप दिसतोय. तरी बाकीच्या तपासण्या करू, नजर ठेवायचीच, पुन्हा चढला तर आण. पण हे नाही. रडतेस काय गं?"

मी रडत नव्हते, असं मी त्यांना सांगितलं.

मामा उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, 'नाही' अशी, आणि त्यांचा चेहरा पडला. मग माझ्या लक्षात आलं. "म्हणजे नाही झालेला," मी मोठ्यानं म्हणाले. "आईला तो ताप नाही!"

त्यांनी देवळाकडे तोंड करून हात जोडले. "मग आमचं वानर कशानं मेलं?" हात जोडलेलेच ठेवून त्यांनी विचारलं.

"आता नाही कळणार. पुरलं ना."

"हां," ते म्हणाले. "पुरलं." आणि बराच वेळ त्या उंचवट्याकडे बघत राहिले. "पुढच्या टायमाला," ते म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडलं.

मी धावत घरी आले. आई उठून बसली होती, भिंतीला टेकून पेज पीत होती. मी तिच्यापुढं बसले आणि सांगितलं. एकदा सांगून तिला पुरलं, मला पुरलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तिनं वाडगा खाली ठेवला.

"मग आता मशेरीचा डबा दे," ती म्हणाली.

आणि मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. वसतिगृहात गेल्यापासून मी असं केलं नव्हतं. तिनंही काही म्हटलं नाही. माझ्या केसांतून ती बोटं फिरवत राहिली, आणि कानामागं तिची बोटं थांबली.

"हाललीस तर बघ," ती म्हणाली.

"काय आहे?"

"हालू नको म्हनलं न्हवं."

बाबा बॅटरी आणि काटा काढायचा चिमटा घेऊन आले. आईनं माझं डोकं मांडीवर घट्ट धरलं, कानामागं चिकटलेलं काहीतरी चिमट्यात धरून हळूच ओढलं, आणि चिमटा माझ्या डोळ्यांपुढं आणला. तिळाएवढी गोचडी. पाय हलत होते.

जत्रेत दिवसभर मी शेकडो लोकांना तेल वाटलं होतं. इथंही फणसाखाली जाताना पायाला चोळत होते. मानेला लावायचं मला सुचलंच नव्हतं.

"चिरडू नको," मी म्हणाले.

"म्हाईत हाय. तूच सांगितलंस, पयल्या वळीत बसून ऐकलंय मी," आई म्हणाली. तिनं ती निखाऱ्यात टाकली आणि फळीवरची तेलाची बाटली बाबांना काढायला लावली. झाकण पहिल्यांदाच उघडत होतं. तिनं माझ्या मानेला, कानामागं, हातांना, पायांना तेल चोळलं, म्हशीला चोळावं तसं जोर लावून. मग उरलेलं स्वतःच्या दंडाला लावलं आणि नाक मुरडलं.

"म्हस आज तुमी पिळा," ती बाबांना म्हणाली.

एका गोचडीनं काही होत नाही, बहुतेकदा. मी हे लोकांना सांगते आणि ते खरंही आहे. तरी आणखी दोन दिवस घरीच राहायचं मी ठरवलं. शनिवारी सकाळी डोळे उघडले तेव्हा आई माझ्या तोंडावर वाकली होती. अंगात अजून अशक्तपणा होता तिच्या, एक हात भिंतीला होता आणि दुसऱ्या हातात माझा मोबाईल, बॅटरी चालू केलेली.

"आ कर," ती म्हणाली.